उतारवयात नवी ब्लॉगसेवा शिकताना: चिडचिड कुठून येते आणि वाट कशी काढावी

जुन्या ब्लॉगवर अकरा वर्षे लिहिल्यानंतर मला नव्या सेवेवर जावे लागले. पहिल्या संध्याकाळी दोन तास घालवूनही एका परिच्छेदाच्या वर साधे उपशीर्षक देणे मला जमले नाही. लेख तयार होता, शुद्धलेखन तपासून झाले होते, छायाचित्र निवडून ठेवले होते. अडले होते ते एका बटणापाशी. संगणक बंद करताना ‘आता हे आपल्याच्याने होणार नाही’ असे मी मोठ्याने म्हणाले आणि पुढे हेच वाक्य माझ्या वयाच्या कितीतरी लिहित्या माणसांच्या तोंडून ऐकले. ज्यांना ईमेल पाठवता येते, मराठी टंकलेखन बऱ्यापैकी जमते, पण ब्लॉगचा नवा पडदा समोर आला की हात थबकतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात कोणत्याही एका सेवेची संपूर्ण माहिती नाही. कोणतीही सेवा शिकताना कोणत्या क्रमाने पुढे जावे आणि कुठे सावध राहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे

वर्डप्रेस या ब्लॉगसेवेची ५.० ही आवृत्ती ६ डिसेंबर २०१८ रोजी आली आणि तिच्याबरोबर लेख लिहिण्याची चौकट मुळापासून बदलली. तोपर्यंत वर बटणांची एक पट्टी आणि खाली कोरे पान अशी ओळखीची मांडणी होती. नव्या मांडणीत प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र, प्रत्येक उपशीर्षक हा स्वतंत्र ‘ब्लॉक’ झाला. अनेक जुन्या लेखकांना हे इतके जड गेले की जुनी चौकट परत आणणारे ‘क्लासिक एडिटर’ नावाचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा पूरक भाग, लोकांनी मोठ्या संख्येने वापरले, आणि त्यात तरुणही होते. ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉगसेवेनेही २०२० साली आपला अंतर्भाग, म्हणजे लेखकाला आत दिसणारा पडदा, बदलला. सांगायचा मुद्दा असा की, वर्षानुवर्षे बोटांत मुरलेली वाट एका दिवसात नाहीशी झाली तर कोणीही चाचपडतो. ज्याच्या बोटांत जास्त वर्षे मुरलेली असते, तो जास्त चाचपडतो.

त्यात चिन्हांचा गोंधळ असतो. तीन आडव्या रेघा म्हणजे यादी उघडण्याची जागा, हे कुणी सांगितल्याशिवाय कळण्याचे काहीच कारण नाही. गंमत म्हणजे हे चिन्ह अजिबात नवे नाही. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ सालच्या ‘स्टार’ या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ते आखले होते. म्हणजे ज्या मुलांना ते ‘आपोआप’ कळते असे आपल्याला वाटते, त्यांच्यापेक्षा ते वयाने मोठे आहे.

मग तरुण मुले हे इतक्या चटकन कसे शिकतात? मी बरेच दिवस त्यांच्या शेजारी बसून पाहिले. त्यांनाही ते बटण कुठे आहे हे ठाऊक नसते. ती चार ठिकाणी दाबून पाहतात, चुकले तर मागे येतात आणि पाचव्या ठिकाणी त्यांना ते सापडते. आपण मात्र टंकलेखन यंत्रावर, कार्बन कागदावर, सहीशिक्क्यांच्या कागदपत्रांवर वाढलो; तिथे चूक म्हणजे कागद वाया. त्यामुळे आपण दाबण्याआधी विचार करतो, आणि पडद्यावर विचार करून काहीच उलगडत नाही, कारण उत्तर दाबल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून शिकण्याचा माझा क्रम मी उलटा केला. कोणते बटण काय करते हे शिकण्याआधी, कोणती कृती परत घेता येते आणि कोणती घेता येत नाही, एवढे मी आधी माहीत करून घेतले. परत न घेता येणाऱ्या कृती बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. त्या सोडून बाकी सगळीकडे मनमुराद दाबता येते.

परत घेता येणारे आणि न येणारे

आधी दिलासा देणाऱ्या गोष्टी. लिहिताना काहीही बिघडले तर कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबल्या की शेवटची कृती मागे जाते. पुन्हा दाबल्या की त्याआधीची. मॅक संगणकावर कंट्रोलऐवजी कमांड ही कळ असते. बहुतेक सेवा लिहीत असतानाच मसुदा आपोआप साठवतात. वर्डप्रेसवर लेखाच्या जुन्या आवृत्त्यांची यादीही मिळते आणि कालची आवृत्ती परत आणता येते. तिथे हटवलेला लेख आधी कचरापेटीत जातो आणि साधारणपणे ३० दिवस तिथे राहतो. थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा साचा, बदलली म्हणून लेख पुसले जात नाहीत. केवळ त्यांचे रूप बदलते. प्रकाशित झालेला लेखही पुन्हा मसुद्यात नेता येतो.

आता ज्या ठिकाणी खरोखर थांबून दोनदा वाचावे, त्या जागा.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ईमेल. सबस्टॅकसारख्या सेवांवर लेख प्रकाशित करताना तो वर्गणीदारांना ईमेलनेही पाठवला जातो आणि एकदा गेलेले ईमेल परत बोलावता येत नाही. संकेतस्थळावरचा लेख तुम्ही दुरुस्त कराल, पण लोकांच्या टपालपेटीत गेलेली प्रत तशीच राहते. मी ‘शीर्षक नंतर ठरवणे’ अशा शीर्षकाचा अर्धा लेख सर्व वाचकांना पाठवून बसले होते, आणि दोघांनी ‘शीर्षक आवडले’ असे कळवले होते. तेव्हापासून प्रकाशनाच्या पडद्यावर ईमेलची खूण कुठे आहे हे आधी पाहायचे आणि ती काढूनच सराव करायचा, असा नियम मी केला.

दुसरी जागा म्हणजे संपूर्ण ब्लॉग किंवा खाते हटवणे. लेख हटवणे आणि ब्लॉग हटवणे ही दोन वेगळी बटणे असतात. दुसरे सहसा सेटिंग्जच्या तळाशी, लाल अक्षरांत असते. तिथे जाण्याचे कामच नाही.

तिसरी जागा म्हणजे लेखाचा पत्ता. लेख प्रकाशित झाल्यावर त्याची लिंक बदलली तर तुम्ही आधी ज्यांना ती पाठवली असेल, त्यांना रिकामे पान दिसू शकते. चौथी, कचरापेटी रिकामी करणे. पाचवी, एखाद्या गोष्टीसाठी पैसे भरण्याचा होकार. मोफत चाचणीच्या नावाखाली कार्डाचा क्रमांक मागितला गेला तर त्या पडद्यावरून मागे यावे आणि सावकाश, दुसऱ्या दिवशी वाचावे.

या पाच ओळी मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवल्या.

सेवा निवडताना

नाव गाजलेले आहे म्हणून सेवा निवडू नये. ब्लॉगर १९९९ साली सुरू झाले आणि २००३ साली गुगलने ते विकत घेतले. त्यात पर्याय थोडे असले तरी शिकायलाही थोडेच असते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २००३ सालची. त्याची दोन रूपे आहेत आणि त्यांची गल्लत फार लोक करतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर सारी व्यवस्था कंपनी पाहते. दुसऱ्या रूपात तेच मोफत सॉफ्टवेअर आपण भाड्याच्या सर्व्हरवर बसवतो आणि अद्ययावत करणे, सुरक्षितता, बॅकअप हे सगळे आपल्या अंगावर येते. ज्याला फक्त लिहायचे आहे, त्याने हे दुसरे रूप पहिल्या वर्षात तरी घेऊ नये, मग सल्ला देणारा कितीही जाणकार असो. यूट्यूबवर ‘वर्डप्रेस कसे वापरावे’ असे शोधले की दोन्ही रूपांची चित्रफीत सरमिसळ होऊन समोर येते, आणि तिच्यातला पडदा आपल्या पडद्याशी जुळत नाही म्हणून माणूस स्वतःला दोष देतो. मीडियम आणि सबस्टॅक या सेवांवर लिहिण्याची चौकट साधी आहे. मात्र तिथे पानाच्या सजावटीवर तुमचा ताबा कमी असतो. लिहिणाऱ्याला तो कमी असलेलाच बरा, असे माझे मत झाले आहे.

निवडण्यापूर्वी एकच गोष्ट कसून तपासावी: आपले सर्व लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे का. इंटरनेटवरील घरे कायमची नसतात. जिओसिटीज ही मोफत संकेतस्थळांची सेवा २००९ साली जगभर जवळपास सगळीकडे बंद झाली आणि पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ साली. ज्यांनी आपला मजकूर वेळेत उतरवून घेतला, त्यांचे लेखन वाचले.

बसण्याची तयारी

हा भाग क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अर्ध्या चिडचिडीचे मूळ इथे होते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते. नव्या संकेतस्थळांवर फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरे वापरण्याची फॅशन असल्यामुळे बटण समोर असूनही दिसत नाही. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबले की पान मोठे होते. कंट्रोल आणि शून्य दाबले की मूळ आकार परत येतो. मी १२५ टक्क्यांवर काम करते. त्याहून फार मोठे केले तर उजवीकडची पट्टी पडद्याबाहेर जाते किंवा एखाद्या चिन्हामागे लपते आणि ‘बटण गायब झाले’ असा भास होतो, हेही लक्षात ठेवावे.

शिकणे संगणकावरच करावे. मोबाइलवर तीच सेवा वेगळी दिसते आणि दोन मांडण्या एकदम डोक्यात राहत नाहीत.

सेवेचा अंतर्भाग मराठीत ठेवावा की इंग्रजीत, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. ज्या भाषेत तुम्ही मदत शोधणार किंवा मागणार आहात, त्या भाषेत ठेवावा. भाषांतरित शब्द कधी कधी इतके कृत्रिम असतात की मदत करणाऱ्याला फोनवर ते बटण ओळखताच येत नाही.

खाते उघडताना ईमेल, पासवर्ड, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक आणि दुहेरी पडताळणीचे राखीव संकेतांक हे सर्व एका छोट्या वहीत लिहून ती वही कुलपात ठेवावी. पासवर्ड कागदावर लिहू नये असे पूर्वी सांगत असत. पण घरातील कुलूपबंद वहीपेक्षा सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरणे कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

सरावाचा ब्लॉग

खऱ्या ब्लॉगला हात लावण्याआधी त्याच सेवेवर दुसरा, खासगी ब्लॉग उघडावा. बहुतेक सेवांवर एका खात्यात एकाहून अधिक ब्लॉग ठेवता येतात. त्याला ‘सराव’ असेच नाव द्यावे आणि सेटिंग्जमधून तो खासगी करावा, म्हणजे तिथे कितीही पसारा झाला तरी कुणाला दिसणार नाही.

त्यावर रोज वीस-पंचवीस मिनिटे, सलग आठवडाभर बसावे. रविवारी चार तास बसून सगळे संपवण्याचा मोह टाळावा. थोडे-थोडे, मध्ये अंतर ठेवून केलेले पाठांतर अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले होते. आपल्या पाढ्यांचाही अनुभव तोच आहे. सरावाचा क्रम मी असा ठेवला होता:

१. नवा लेख उघडणे, तीन ओळी लिहिणे, मसुदा साठवून बाहेर पडणे आणि पूर्णपणे लॉग आउट करून पुन्हा आत येऊन तोच मसुदा शोधणे. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘लिहिलेले गेले कुठे’ ही भीती एकदा गेली की निम्मे काम झाले.

२. त्या मसुद्याचे पूर्वदर्शन पाहणे आणि तिथून परत लिहिण्याच्या पानावर येणे. पूर्वदर्शन अनेकदा नव्या टॅबमध्ये उघडते. तेव्हा मागे जाण्याचा बाण दाबून काही होत नाही, तो टॅब बंद करावा लागतो.

३. लेख प्रकाशित करणे, आपल्याच ब्लॉगवर वाचकासारखे जाऊन तो पाहणे, मग पुन्हा मसुद्यात नेणे.

४. एक उपशीर्षक, एक लिंक आणि एक चित्र घालणे, आणि तिन्ही काढून टाकणे.

५. लेख कचरापेटीत टाकणे आणि तिथून परत आणणे.

प्रत्येक कृती तीन वेगवेगळ्या दिवशी, वही न पाहता जमली की ती ‘आली’ असे समजावे. टॅग, वर्गवारी, थीम, शेजारच्या पट्ट्या, वाचकसंख्येचे आलेख यांकडे या आठवड्यात ढुंकूनही पाहू नये.

ज्यांच्या सेवेत ब्लॉक पद्धत आहे, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बराच त्रास वाचतो. उजवीकडच्या पट्टीत दोन भाग असतात. एक संपूर्ण लेखाचा आणि दुसरा ज्या ब्लॉकवर कर्सर आहे त्याचा. कर्सर हलला की पट्टीतला मजकूर बदलतो, म्हणून आत्ता दिसलेली सोय क्षणात दिसेनाशी होते. ती गेलेली नसते, आपण हललेलो असतो. दुसरे, बटणांची पट्टी ब्लॉकबरोबर तरंगत राहते आणि मजकूर झाकते. वर्डप्रेसमध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या यादीतून ती पट्टी कायम वर बसवता येते, आणि एवढ्या एका बदलाने पान पुष्कळसे जुन्यासारखे वाटू लागते. तिसरे, एंटर दाबले की नवा परिच्छेद होतो. त्याच परिच्छेदात फक्त नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबावे. कविता लिहिणाऱ्यांच्या ओळी एकमेकींपासून हातभर दूर का जातात, याचे उत्तर इथे आहे. चौथे, प्रकाशित करण्याचे बटण दोनदा दाबावे लागते. पहिल्यांदा दाबल्यावर खातरजमेची पट्टी उघडते आणि तिच्यातले बटण दाबल्यावरच लेख जातो. एकदा दाबून निघून गेलेले आणि ‘लेख दिसतच नाही’ म्हणून हताश झालेले लेखक मी पाहिले आहेत.

मजकूर बाहेर लिहावा, आत फक्त मांडावा

लेख थेट सेवेच्या चौकटीत लिहू नये. आपल्या ओळखीच्या लेखन-प्रणालीत लिहावा, संगणकावर साठवावा आणि नंतर आत न्यावा. इंटरनेट तुटले, लॉग आउट झाले, चुकून टॅब बंद झाला, तरी मूळ प्रत आपल्या हाती राहते, आणि ती हाती आहे हे ठाऊक असल्यामुळे आत दाबताना हात कापत नाही.

मात्र वर्डमधून उचललेला मजकूर चिकटवताना त्याच्याबरोबर अक्षराचा आकार, रंग, ओळींतील अंतर असे अदृश्य सामानही येते आणि मग एक परिच्छेद मोठा, दुसरा लहान दिसू लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबल्या तर बहुतेक ब्राउझरमध्ये केवळ शब्द चिकटतात. ठळक, तिरके जे काही करायचे ते मग आत करावे.

मराठीत दीर्घकाळ लिहिणाऱ्यांना आणखी एक अडथळा लागतो. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या, म्हणजे जगातील लिप्या संगणकात साठवण्याच्या सामायिक पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते, पण आपल्यातील अनेकांनी पुढे कितीतरी वर्षे श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये लेखन केले. त्या फाइलींतील मजकूर ब्लॉगवर चिकटवला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता उमटतो, कारण तिथे मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष देत असतो. यात ब्लॉगसेवेचा दोष नाही आणि तुमचाही नाही. असा मजकूर आधी फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीत. परिवर्तक नेमका तिथे अडखळतो.

मराठी शीर्षक आणि लेखाचा पत्ता

याबद्दल फार थोडे लिहिले जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते. लेखाचे शीर्षक मराठीत दिले की सेवा त्यावरून लेखाचा पत्ता तयार करू पाहते. ब्लॉगरवर मराठी शीर्षकाच्या लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ असा रोमन लिपीतला सरसकट पत्ता मिळतो, आणि पुढच्या लेखांना त्याच शब्दांमागे आकडे लागतात. शंभर लेखांनंतर कोणता पत्ता कशाचा हे ओळखता येत नाही. वर्डप्रेसवर वेगळीच गंमत होते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांत (बाइट म्हणजे साठवणीचे छोटे एकक) साठवले जाते, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा अशी तीन वर्णांची जागा लागते. म्हणजे एका ‘म’साठी नऊ वर्ण. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी असा पाच चिन्हांचा. त्याचे ४५ वर्ण होतात. तिथे पत्त्याच्या या भागासाठी २०० वर्णांची मर्यादा आहे, म्हणून मराठी शीर्षक साधारण बावीस चिन्हांनंतर मध्येच तुटते, आणि तो पत्ता ईमेलमध्ये चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते.

उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्यापूर्वी उजव्या पट्टीत लेखाचा पत्ता बदलण्याची जागा शोधावी आणि तिथे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः द्यावा. शीर्षक अर्थातच मराठीत राहते. हे प्रकाशनापूर्वीच करायचे. नंतर का नाही, ते वर आले आहे.

तारखेचाही एक झटका बसतो. नव्या ब्लॉगचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, त्यामुळे पहाटे प्रकाशित केलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख उमटते. सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा आपला वेळपट्टा निवडला की झाले.

छायाचित्रे

मोबाइलचे छायाचित्र काही मेगाबाइटचे असते. ब्लॉगसाठी रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल पुरते. तेवढे लहान करून मगच चढवावे. आयफोनची छायाचित्रे २०१७ पासून एका वेगळ्या प्रकारात साठवली जातात आणि काही सेवा ती स्वीकारत नाहीत. तेव्हा ती जेपेग प्रकारात बदलून घ्यावीत. चित्राखालची ओळ आणि चित्राचे पर्यायी वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णन दृष्टिहीन वाचकांच्या वाचक-यंत्रासाठी असते आणि ते एका वाक्यात आवर्जून लिहावे.

वही कशी लिहावी, मदत कशी मागावी

बटणाची जागा वहीत लिहू नये, ती बदलते. हेतू, बटणावरचा शब्द आणि त्यानंतर पडद्यावर काय दिसले, या तीन गोष्टी लिहाव्यात. ‘वर उजवीकडे निळे बटण’ ही नोंद पुढच्या बदलात निरुपयोगी होते, पण ‘लेख कसा दिसेल ते पाहणे, शब्द: प्रीव्ह्यू, नवा टॅब उघडतो’ ही नोंद टिकते. एका पानावर एकच कृती, आणि कोपऱ्यात तारीख.

मदत मागताना सर्वांत मोठी अडचण मदत करणाऱ्याच्या वेगाची असते. “मावशी, दे इकडे, मी करून देतो,” असे म्हणत माझ्या भाच्याने माऊस घेतला आणि दहा सेकंदांत काम झाले. मला त्यातले काहीही कळले नाही. पुढच्या वेळी मी त्याला आधीच सांगितले, “माऊस माझ्याकडेच राहील, तू फक्त बोटाने दाखव. आणि मी लिहून घेईपर्यंत गप्प बस.” दुसरी अट पाळणे त्याला अधिक जड गेले. दूरच्या माणसाला विचारायचे असेल तर ‘चालत नाही’ असे न लिहिता काय करायचे होते, कोणते बटण दाबले आणि काय संदेश आला, हे तीन वाक्यांत लिहावे आणि पडद्याचे चित्र जोडावे; मात्र त्या चित्रात पासवर्ड किंवा राखीव संकेतांक नाही, हे पाहून घ्यावे. चित्रफीत पाहताना आधी तिची तारीख पाहावी, वेग पाऊणपट करावा आणि प्रत्येक कृतीनंतर ती थांबवून तीच कृती सरावाच्या ब्लॉगवर करावी. नुसती पाहिलेली चित्रफीत दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

संयम संपला की उठावे. रागाच्या भरात केलेल्या दाबादाबीतच वरच्या पाच धोक्याच्या जागांपैकी एखादी गाठली जाते.

जुन्या ब्लॉगवरून सामान हलवताना

नव्या जागी निदान दहा लेख विनासायास प्रकाशित झाल्यावरच स्थलांतराचा विचार करावा. जुन्या सेवेच्या सेटिंग्जमध्ये मजकूर उतरवून घेण्याची सोय असते. तिथून मिळणारी फाइल उघडून पाहिली तर कोनी कंसांचे जंगल दिसते. ती वाचण्यासाठी नसतेच. ती तशीच ठेवावी, नवीन सेवेच्या आयात-पानावर द्यावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर जपावी.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडले आहे. आयात झाल्यावर नव्या ब्लॉगवर चित्रे व्यवस्थित दिसतात म्हणून आपण निर्धास्त होतो, पण पुष्कळदा ती जुन्याच ठिकाणाहून येत असतात. जुना ब्लॉग हटवला की नव्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. तपासण्यासाठी एखाद्या चित्रावर उजवी कळ दाबून ते नव्या टॅबमध्ये उघडावे आणि वरचा पत्ता पाहावा. तो जुन्या सेवेचा असेल तर चित्रे अजून आलेली नाहीत. आयात करताना चित्रेही उतरवून घेण्याचा पर्याय असेल तर त्यावर खूण करावी. नसेल तर महत्त्वाच्या लेखांची चित्रे हाताने पुन्हा चढवावीत. काहीही झाले तरी जुना ब्लॉग वर्षभर हटवू नये. त्यावर शेवटचा लेख म्हणून नव्या पत्त्याची लिंक द्यावी आणि तो तसाच राहू द्यावा.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्या ब्लॉगवरून पूर्ण मजकूर उतरवून घ्यावा आणि फाइलीच्या नावात वर्ष आणि महिना लिहावा. मला या कामाला चार मिनिटे लागतात, आणि त्याची नोंद माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे.